हात सोडून ट्रायल

१

गाडी नीट झाली की नाही, हे याकूब मिस्त्री हात सोडून ठरवायचा. गाडी रस्त्याला काढायची, वेग धरायचा, स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलून छातीशी घ्यायचे आणि ब्रेक दाबायचा. सरळ रेषेत थांबली तर मालकाच्या हातात किल्ली, एका बाजूला ओढली तर परत आत. पाटण ते कराड रस्त्यावर मिस्त्र्यांना तोटा नाही, पण ब्रेकचं काम म्हटलं की लोक याकूबचंच नाव घेतात. इंजिन बंद पडलं तर माणूस घरी उशिरा पोचतो, ब्रेक गेला तर पोचत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. गिऱ्हाइकानं घाई केली की तो ते हमखास ऐकवायचा.

गॅरेजच्या मागंच त्याचं घर होतं, आणि घरापलीकडून कालव्याच्या कडेनं एक सरळसोट डांबरी रस्ता जायचा. दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्याच्या गाड्या सोडल्या तर त्या रस्त्याला कुणी फिरकत नसे, म्हणून सगळ्या ट्रायल तिथंच व्हायच्या.

त्या सकाळी आत आलेला ट्रक मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता. तो त्याच्या मुलाचा, अजहरचा होता. विट्याकडच्या लालासाहेबानं वापरून म्हातारा केलेला, पण हाडापेरानं दणकट. याकूबनं तो स्वतः पारखून घेतला होता, आणि त्याला तसंच कारण होतं.

गेल्या पावसाळ्यात अजहर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. कुंभार्ली घाटात गाडी मागं सरकायला लागली, म्हणून हँडब्रेक ओढून तो चाकाखाली दगडाची उटी लावायला उतरला. दगड उचलून वळतो तर गाडी जागेवर नव्हती. त्याच्या शेजारचा कठडा फोडून ती दरीत गेली होती. लोकांनी त्याला घरी आणून सोडलं तेव्हा तो दगड अजून त्याच्या हातात होता, आणि त्याच्या आईनं, अख्तरबीनं एकेक बोट सोडवून तो काढून घेतला होता. पोरगा वाचला म्हणून तिनं सदका काढून गरिबांत वाटला. याकूबनं वेगळंच ठरवलं. पोरगा गाडी चालवणारच असेल, तर ज्या गाडीचा ब्रेक मी माझ्या हातानं बसवलाय, तीच चालवेल.

सोमवारपासून त्याच घाटातून चिपळूणचं भाडं सुरू व्हायचं होतं.

"अब्बा, ब्रेक मारला की उजवीकडं वढती," अजहर खाली उतरत म्हणाला. "थोडीथोडकी न्हाई, चांगली वढती. हाताला रग लागती."

याकूब त्याच्या शेजारी चढून बसला आणि कालव्याच्या रस्त्याला ट्रायल झाली. अजहरनं हात सोडले, ब्रेक दाबला. गाडीनं तोंड उजवीकडं घेतलं.

"डावा ब्रेक कामचुकारपणा करतोय," याकूब म्हणाला. "लायनरला ग्रीस लागलं असंल. दुपारपातूर सरळ करून देतो."

२

नवशिका मिस्त्री ओढणाऱ्या बाजूचं चाक उघडतो. जाणता उलट्या बाजूचं उघडतो, कारण एक चाक धरतं आणि दुसरं धरत नाही, म्हणून तर गाडी फिरते. याकूबनं डावं चाक उघडलं. ड्रमला आतून धरणारे लायनर कोरडे होते, ड्रम गुळगुळीत होता, हवेचा चेंबर नीट काम करत होता. बोट फिरवून बघितलं तर बोटाला धुळीशिवाय काही लागलं नाही. तरी त्यानं लायनर नवे घातले, सेटिंग केलं आणि या खेपेला स्वतः स्टेअरिंगवर बसला. अजहर डाव्या बाजूच्या सीटवर बसला.

गाडी डावीकडं ओढली.

"बघा, आता डावा जास्त धरतोय," अजहर म्हणाला.

याकूबनं डावा जरा ढिला केला. गॅरेजच्या बाकावर जोतीराम येऊन बसला होता. फौजेतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला हा माणूस, ऊस तोडून झाला की दिवसभर इथंच असायचा. चहा याकूबचा आणि सल्ला त्याचा, फुकट.

पुन्हा ट्रायल झाली. अजहर चालवायला बसला तर गाडी उजवीकडं, याकूब बसला तर डावीकडं. दोघांनी आळीपाळीनं चालवून बघितलं आणि दर वेळी तेच झालं. शेवटी बापलेक भांडायला लागले. अजहरचं म्हणणं, तुम्ही नकळत स्टेअरिंगला हात लावता. याकूबचं म्हणणं, मी ब्रेक मारायला लागलो तेव्हा तू पाळण्यात पण नव्हतास.

"बाप एकीकडं वढतोय, ल्योक एकीकडं," जोतीराम बाकावरून म्हणाला. "गाडीनं तरी काय करावं गड्या?"

तेव्हा तिघंही हसले होते. पुढं याकूबला ते हसू बरेचदा आठवलं.

मग त्यानं हुकमी उपाय काढला. दोष कुठं आहे ते कळत नसेल, तर अदलाबदल करायची. डावीकडचा ड्रम उजवीकडं बसवायचा, उजवीकडचा डावीकडं. दोष भागाबरोबर गेला तर तो भाग दोषी. हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं, आणि इतक्या वर्षांत हा नियम एकदाही खोटा ठरला नव्हता. त्यानं ड्रम बदलले, लायनर बदलले, चेंबर बदलले, टायरसुद्धा इकडचे तिकडे केले. दुपारची नमाज हुकली. अख्तरबीनं भाकरी झाकून आणून ठेवली ती तशीच राहिली.

दोष कशाबरोबरच गेला नाही. अजहर चालवताना तो उजवीकडं होता, अजहर शेजारी बसला की डावीकडं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी याकूबनं लालासाहेबाला फोन लावला.

"आवं मिस्त्री, शपथ घेऊन सांगतो," पलीकडून लालासाहेब म्हणाला. "माझ्याकडं ती गाडी सुतासारखी थांबायची. लोणंद म्हणू नका, सांगली म्हणू नका, कुठं न्हाई नेली? कवा एका अंगाला गेली न्हाई."

विकणारा माणूस खरं कशाला सांगेल, असं म्हणून याकूबनं फोन ठेवला. जोतीरामनं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, मला एकट्याला चालवून बघू दे. फौजेत म्हणे असंच करायचे. दोघांचं जमत नसेल तर तिसरा माणूस घालायचा.

जोतीराम एकटा गेला आणि एकटा आला. "सरळ," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, सरळ."

मग याकूब एकटा गेला. कालव्याच्या रस्त्यावर वेग धरला, हात छातीशी घेतले आणि ब्रेक दाबला. ट्रक जागच्या जागी सरळ थांबला. चाकाखाली काळी रेघ उठली तीही सरळ होती. याकूब तसाच बसून राहिला. त्याला इतकं बरं वाटलं, की आपण दोन दिवस श्वास आखडून होतो हे त्याला तेव्हा कळलं. काहीतरी अडकलं असेल, ते सुटलं असेल. गाड्यांचं असं होतं.

तरी एक ट्रायल राहिली होती. शेवटची ट्रायल याकूब माणूस उभा करून घ्यायचा. एक जण रस्त्याच्या कडेला थांबून कुठलं चाक आधी धरतं ते बघतो, चालवणारा ब्रेक मारतो. ही त्याच्या गॅरेजची पद्धतच होती. त्यानं अजहरला कालव्याच्या बाजूला, उसाच्या बांधावर उभं केलं.

"चाकावर नजर ठेव," तो म्हणाला. "माझ्याकडं बघू नगं."

याकूब लांबून वेगानं आला. अजहर उभा होता तिथं पोचायच्या बऱ्याच आधी त्यानं हात उचलले आणि ब्रेक दाबला. ट्रक कालव्याकडं वळला. अगदी शांतपणे वळला, कुणीतरी समजून उमजून वळवावा तसा. पुढचं चाक डांबर सोडून मातीत उतरलं आणि अजहर मागं उसात उडी मारून पडला.

"अब्बा," तो उठून अंग झाडत म्हणाला. "मुद्दाम केलं व्हय?"

याकूब खाली उतरला. डांबरावर टायरची काळी खूण होती. आधी ती सरळ होती. मग अजहर जिथं उभा होता, त्या रोखानं वळलेली होती.

इथं त्याची चूक झाली. ती चूक मिस्त्रीच करू जाणे. खूण एकदा दिसली म्हणजे अजून एकदा बघायचंच, एका ट्रायलवर ठरवायचं नाही, ही त्याची सवय होती. "पलीकडच्या अंगाला हो," तो अजहरला म्हणाला. "लांब, त्या बाभळीपाशी."

अजहर पलीकडं जाऊन उभा राहिला. ट्रक त्याच्याकडं वळला. बाभळ लांब होती म्हणून नुसती माती उडाली. दोन्ही खुणा रस्त्यावर शेजारी शेजारी दिसत होत्या, एक इकडं वाकलेली, एक तिकडं. जोतीराम येऊन त्यांच्याकडं बघत उभा राहिला. या खेपेला त्यानं काही थट्टा केली नाही.

४

याकूब देवधर्म पाळणारा होता, पण भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तो चहासुद्धा पाजत नसे. संध्याकाळी पडवीत बसून त्यानं सगळं मनातल्या मनात पुन्हा उघडलं. रस्त्याला उतार असेल. पण उतार दोन्हीकडं कसा असेल? आपणच पोराकडं बघत असू, आणि माणूस बघतो तिकडं गाडी जाते. पण हात तर सोडलेले होते. मग चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन झिजली असेल. किंगपिन झिजली तर स्टेअरिंग सैल होतं, गाडी माणूस ओळखायला लागत नाही.

हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा त्याला भीती वाटली. खरीखुरी भीती.

"आवं, काय झालंय?" अख्तरबीनं विचारलं. "दोन दिस झाले, घासभर खाल्लं न्हाई तुमी."

"गाडीचा दोष सापडंना."

"मग न्हाई चालवणार तो ती गाडी. एवढंच ना?"

तिला सगळं इतकं सोपं वाटत होतं, याचा याकूबला हेवा वाटला.

सकाळी त्यानं ट्रकची पुढची बाजू लाकडी ठोकळ्यांवर घेतली आणि दोन्ही चाकं काढली. आता नुसते ड्रम उघडे दिसत होते. जोतीरामला त्यानं वर बसवलं. इंजिन चालू ठेवून हवा भरायची, मी सांगेन तेव्हा ब्रेक दाबायचा आणि स्टेअरिंगला हात लावायचा नाही. याकूब खाली, ठोकळ्यांच्या मधे पाठीवर झोपला. हवेच्या दाबानं ब्रेक लावणारे चेंबरचे दांडे कसे बाहेर येतात ते त्याला बघायचं होतं. एवढंच बघायचं राहिलं होतं.

ऊन अजून कोवळं होतं. अजहर नुकताच उठला होता आणि अंगणातल्या पाण्याच्या पिंपाकडं दात घासत चालला होता. पिंप गॅरेजच्या डाव्या बाजूला होतं.

"दाब," याकूब म्हणाला.

हवेचा फुस्स आवाज झाला. दांडे बाहेर आले, दोन्ही एकाच वेळी, एकाच लांबीचे. काहीच चूक नव्हती. मग कुठंतरी लोखंड करकरलं, आणि याकूबच्या डोक्यावरचे दोन्ही ड्रम हळूहळू डावीकडं वळले.

"मिस्त्री," जोतीराम वरून म्हणाला. "स्टेअरिंग फिरतंय. खालनं काय करतोयस तू?"

"मी काय करत न्हाई. सोड."

जोतीरामनं ब्रेक सोडला. अजहरनं चूळ भरली, तांब्या ठेवला आणि तो टॉवेल घ्यायला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, दोरीकडं गेला. याकूबला खालून फक्त त्याच्या चपला दिसत होत्या.

"दाब."

फुस्स. ड्रम उजवीकडं वळले. अजहरच्या चपला दोरीपाशी थांबल्या तसे ड्रमही थांबले. मग त्या चपला दोन पावलं पुढं गेल्या, आणि ड्रमही तेवढेच सरकले. ते लोखंड करकरत होतं, तो आवाज याकूबनं हजार वेळा ऐकला होता. आज मात्र त्याला तो कधी ऐकल्यासारखा वाटला नाही.

"सोड," तो म्हणाला. "बंद कर. खाली ये."

जोतीराम उतरून त्याच्याजवळ उकिडवा बसला. त्यानं विडी काढून हातात फिरवली, पेटवली नाही.

"याकूब," तो म्हणाला. "मला काय कळत न्हाई, आन् मला कळून बी घ्यायचं न्हाई. पोराला ह्या गाडीपास्नं हलीव."

५

याकूबनं बोलावलेला भंगारवाला आला आणि त्यानं ट्रक तिथंच गॅसनं कापायला सुरुवात केली. अजहर उंबऱ्यावर बसून बघत होता.

"दोष सापडला न्हाई म्हणून कुणी गाडी कापतं व्हय, अब्बा?" त्यानं विचारलं. "दुसऱ्या मिस्त्रीला दावायची."

"माझ्याच्यानं झालं न्हाई ते दुसऱ्याच्यानं होणार न्हाई."

"तुमाला मी ड्रायव्हर व्हायला नगंय. घाटातल्या त्या दिवसापास्नं तुमी भ्यालाय."

"व्हय," याकूब म्हणाला. "भ्यालोय."

बापाच्या तोंडून हे असं सरळ ऐकायची अजहरला सवय नव्हती. तो उठून आत गेला आणि थोड्या वेळानं कपड्यांची पिशवी भरून बाहेर आला. ठरलं ते असं, की त्यानं काही दिवस बहिणीकडं, रुक्सारकडं राहायचं. तिचा नवरा लोणंदच्या बाजारात कांद्याचा व्यापार करायचा. गाळ्यावर बसून वजन बघायचं काम होतं, तिथं गाडीचा संबंध नव्हता. याकूब स्वतः सोडायला निघाला. अख्तरबीनं मुलाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. ट्रकचं तोंड कापून बाजूला पडलं होतं. त्याच्याकडं न बघता ते दोघं एसटीला गेले.

साताऱ्यापर्यंत दोघं गर्दीत मधल्या वाटेत उभं राहून आले, तिथं गाडी बदलली. लोणंदच्या एसटीत डाव्या बाजूला दोघांची सीट मिळाली, अजहर खिडकीशी बसला. बाहेर ऊन होतं, रानात ज्वारी होती, कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्यावरून वाद घालत होता. याकूबला कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं. त्यानं रुमालात बांधलेली भाकरी सोडली.

पुढच्या थांब्यावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला. एसटी डावीकडं गेली, डांबर सोडून खडीवर उतरली आणि थांब्यावरची माणसं ओरडत मागं सरली.

"काल डेपोत बघून दिली म्हणत्यात," ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला. "काय बघितलं कुणाला ठावं."

याकूबच्या हातातली भाकरी तशीच राहिली. एसट्या सगळ्याच जुन्या असतात, तो स्वतःला म्हणाला. एसटीचे ब्रेक कोण धड ठेवतो? हे त्यानं मनात परत परत म्हटलं. पण हात आपल्या सवयीचे असतात, त्यांना अदलाबदल केल्याशिवाय चैन पडत नाही.

"अजहर, तुला ऊन लागतंय. ड्रायव्हरच्या मागं सीट मोकळी हाय, तिथं बस जा."

अजहर उजवीकडं जाऊन बसला. पुढच्या थांब्याला ब्रेक लागला आणि एसटी उजवीकडं, रस्त्याच्या मधे गेली. समोरून येणारा मोटरसायकलवाला शिवी देत कडेला उतरला. ड्रायव्हर दोन्ही हातांनी स्टेअरिंगशी झटत होता.

"मागं जा," याकूब म्हणाला. त्याच्या कपाळाला घाम आला होता. "पार मागं. मधल्या जागेवर बस."

"अब्बा, तुमाला बरं न्हाई का?"

"सांगतो तसं कर, लेका."

अजहर शेवटच्या बाकावर मधोमध जाऊन बसला. वाटेत गाडी भरली होती, मधल्या वाटेत माणसं दांड्याला धरून उभी होती. याकूब मान वळवून मागं बघत राहिला. एक मेंढरांचा कळप आडवा आला, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. एसटी सरळ थांबली.

ब्रेक लागला की उभी माणसं पुढं झुकतात. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. ती माणसं मागं झुकली. सगळी एकदम. टोपीवाला म्हातारा, कडेवर मूल घेतलेली बाई, कॉलेजची पोरं, सगळ्यांची अंगं शेवटच्या बाकाकडं ओढली गेली, आणि गाडी थांबल्यावर सगळी पुन्हा ताठ उभी राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हातारा बोलत होता तो पुढं बोलत राहिला. कडेवरचं मूल तेवढं अजहरकडं टक लावून बघत होतं.

आणि याकूबनं बघितलं, की आपलाही एक हात सीटच्या दांडीवरून सुटून मागं, मुलाच्या दिशेनं गेला आहे. तो त्यानं नेला नव्हता.

दोष भागाबरोबर गेला होता. ट्रकमध्ये काहीच नव्हतं. लालासाहेब खरं बोलला होता. घाटातली गाडी अजहर जिकडं उतरला होता त्याच अंगाला दरीत गेली होती, आणि त्याच्या हातात दगड राहिला होता. याकूबनं पुढचा विचार केला नाही. त्याला तो करता आला नाही.

६

लोणंदच्या अलीकडच्या फाट्यावर ते उतरले. रुक्सार तिथं घ्यायला येणार होती आणि ती खरंच रस्त्यापलीकडं उभी होती, डोक्यावरची ओढणी सावरत. मागं कांद्याची रानं होती. एसटी धूर सोडून निघून गेली आणि रस्ता मोकळा झाला, रुंद आणि सरळ.

एसटी दिसेनाशी होईपर्यंत याकूबनं अजहरचं मनगट सोडलं नाही. आता काय करायचं ते त्यानं एसटीतच ठरवलं होतं. कांद्याचा गाळा नको, बाजारपेठ नको, जिथं रस्ता नाही अशी एखादी वस्ती बघायची. जिथं कुणी ब्रेक मारणार नाही. डोंगरात अशा वस्त्या आहेत, जोतीरामला माहीत असतील. पोरगा रागावला तर रागावू दे. जिवंत पोरगा रागावतो.

त्यानं दोन्ही बाजूंना निरखून बघितलं. लांबपर्यंत काही नव्हतं.

"जा," तो म्हणाला. "पळत जा. आन् पलीकडं गेल्यावर तिथं उभा राहू नगं. ताईला घेऊन रानात जा, लांब."

"तुमी?"

"मी मागनं येतो. जा."

अजहर हसला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. पिशवी खांद्याला टाकून त्यानं रस्ता ओलांडला आणि सुखरूप पलीकडं पोचला. रुक्सारनं त्याच्या गालाला हात लावला. काहीतरी विचारलं, तो काहीतरी बोलला. दोघंही रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले. बहीण भावाला भेटल्यावर आधी रानात कशी जाईल?

लोणंदकडून एक भरलेला ट्रक येताना दिसला. वेग चांगला होता. याकूबनं सवयीनं त्याच्याकडं बघितलं, स्प्रिंगचे पाटे दबलेले, माल समतोल, ड्रायव्हर सरळ बसलेला. रस्ता मोकळा होता. थांबायचं त्याला काही कारण नव्हतं. तो असाच निघून गेला तर काही होणार नव्हतं. जा बाबा, याकूब मनात म्हणाला, तसाच जा. इथं थांबू नगं.

तेवढ्यात अजहरनं वळून बघितलं. बाप एकटाच पलीकडं राहिलाय हे त्याला दिसलं.

"थांबा अब्बा, मी येतो न्यायला," तो म्हणाला, आणि त्यानं एक पाय डांबरावर ठेवला.

तो पाय अगदी कडेला होता. ट्रकला जायला भरपूर जागा होती. याकूब ओरडला, पण ट्रकचा आवाज आता जवळ आला होता आणि त्याचे शब्द त्याच्याच कानाला पोचले नाहीत. उभ्या जन्मात त्यानं प्रत्येक गाडी सोडताना मनात एकच दुआ मागितली होती, की हिचा ब्रेक वेळेला लागू दे. तो लागू नये, असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं. त्यानं दोन्ही हात वर केले. एका हातानं तो पोराला मागं हो म्हणत होता. दुसऱ्या हातानं ड्रायव्हरला सांगत होता, जा, पुढं जा, ब्रेकला पाय लावू नगं.

वर काचेमागं बसलेल्या ड्रायव्हरला एवढंच दिसलं, की रस्त्याच्या कडेला एक म्हातारा माणूस दोन्ही हात वर करून ओरडतोय. असं दिसल्यावर कुठलाही शहाणा ड्रायव्हर जे करतो, तेच त्यानं केलं.